धामधुमीतला कौल

दिवाळीच्या धामधुमीत हा अंक वाचला जाईल, म्हणून त्याच शब्दापासून सुरुवात करू. आज धामधूम म्हणजे सण, लग्न, खरेदी. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मोडी कागदांत मात्र हा शब्द आला की पोटात गोळा येतो. तिथे धामधूम म्हणजे फौजांची ये-जा, उठलेली गावे, गहाळ झालेली दप्तरे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी सांगतो, आमचे कागद होते, पण ते धामधुमीत गेले. दुसरा असाच शब्द पायमल्ली. आता पायमल्ली होते ती कायद्याची नाहीतर हक्कांची. मूळ फारसी 'पायमाल' म्हणजे पायाखाली तुडवलेले, आणि आपल्याकडच्या महसुली कागदांत पायमल्ली होई ती उभ्या पिकाची. फौज शेतातून गेली की घोडे, बैल, उंट यांनी जे तुडवले त्याबद्दल गाव साऱ्यात सूट मागे.

तिसरा शब्द कौल. मुळात अरबी. अर्थ साधा : शब्द, वचन. आपण देवाला कौल लावतो, निवडणुकीत मतदार कौल देतात. जुन्या कारभारात कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेला लेखी शब्द. पहिल्या दोन शब्दांत युद्ध आहे, तिसऱ्यात त्यातून तगून राहण्याची रीत आहे. युद्धाच्या इतिहासात आपण किल्ले, वेढे आणि तहाची कलमे वाचतो. शेतात बी टाकलेल्या माणसाचे काय झाले, हे पाहायचे तर कौलाचे कागद पाहावे लागतात. त्याला वाचवणाऱ्या गोष्टी तीनच होत्या : त्याच्याकडून किती घेतले जाणार हे आधी ठाऊक असणे, पळून गेला तरी परतल्यावर जमीन त्याचीच राहणे, आणि दिलेला शब्द पाळला जाणे. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहत.

हे सगळे पाहायला कऱ्हाटीसारखा मुलूख नाही.

उघड्या माळावर

कऱ्हाटी नावाचे एक गाव बारामती तालुक्यात आहेच, पण इथे अभिप्रेत आहे तो कऱ्हेकाठचा सगळा टापू. पुरंदरच्या डोंगरात उगम पावून कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत नीरेला मिळते. तिथून पुढे नीरा आणि भीमा यांच्या बेचक्यात इंदापूर, आणि टोकाला दोन्ही नद्यांचा संगम, नीरा नरसिंहपूर. आज या भागात कालव्यामुळे ऊस दिसतो. पण नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणातला, १८७६-७७च्या दुष्काळानंतरचा. त्याआधी हा सगळा पाऊस हुकणाऱ्या पट्ट्यातला माळ होता. पीक मुख्यतः ज्वारीचे, तेही रब्बीचे. हस्ताचा पाऊस पडला तर शाळू, नाहीतर नाही.

युद्धाच्या दृष्टीने या रब्बीला फार महत्त्व आहे, आणि त्याकडे आपल्या इतिहासलेखनाने पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी छावणीला परतत. मावळात आणि कोकणात दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येते. फौज येईपर्यंत निदान काही धान्य घरात पडलेले असे. कऱ्हाटीत नेमकी तेव्हा पेरणी उरकलेली असते आणि पुढचे चार महिने पीक रानात उभे राहते. म्हणजे लढाईचा हंगाम आणि ज्वारीचा हंगाम एकच. घोड्याला लागणारा दाणा आणि वैरण या दोन्ही गोष्टी एकाच ताटावर तयार उभ्या. फौजेच्या नावाने गावावर बसणाऱ्या एका पट्टीचे नावच घासदाणा होते.

त्यात हा मुलूख वाटेवरचा. अहमदनगरहून पुण्याकडे, विजापूरहून पुण्याकडे, पंढरपूर-सोलापूरहून घाटाकडे, कुठूनही निघा, सुपे, बारामती, इंदापूर यांपैकी काही ना काही लागते. १६६०च्या उन्हाळ्यात शाइस्ताखान अहमदनगरहून पुण्याला आला तो सुपे-बारामतीच्या बाजूनेच. फौज नुसती मुक्कामाला थांबली तरी गाव अडचणीत येई. उन्हाळ्यात कऱ्हेच्या वाळूत झरे खणून पाणी काढावे लागते. त्या पाण्यावर हजारो माणसे आणि जनावरे आठवडाभर राहिली, की मागे उरणारे पाणी पिण्याजोगे राहत नसे.

अशा वेळी गावाने करायचे काय? शेजारच्या मावळाकडे बघितले की फरक कळतो. २३ ऑक्टोबर १६६२ रोजी शिवाजीमहाराजांनी रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेध्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मोगल त्या बाजूला येणार अशी खबर होती. पत्र पाहताच गावोगाव फिरून रयतेला लेकराबाळांसह घाटाखाली, शत्रू पोचणार नाही अशा जागी न्यावे, घटकेचाही उशीर करू नये, उशीर झाला आणि लोक शत्रूच्या हाती बंदीवान झाले तर ते पाप तुमच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. राज्यकर्त्याने स्थलांतराची जबाबदारी अधिकाऱ्याच्या माथी पापाच्या भाषेत टाकावी, हे विलक्षणच. पण जेध्यांच्या रयतेला जायला घाटाखालचा मुलूख होता, जंगल होते. कऱ्हाटीच्या कुणब्याला चहूकडे माळ. तो गेलाच तर नीरा किंवा भीमा ओलांडून दुसऱ्या अमलात जाई.

म्हणून इथली पहिली तजवीज गावातच असे. गावाला कूस, मध्ये पाटलाची गढी, वेशीवर राखण. आणि धान्य जमिनीखाली, पेवात. कोरडी, घट्ट जमीन बघून खणलेला तो खोल खड्डा कडबा-भुसा लावून भरत आणि वरून लिंपून टाकत. वर्षानुवर्षे धान्य टिके आणि वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नसे. उघडताना मात्र सांभाळावे लागे. आतला वायू निघून जाण्याआधी उतरलेला माणूस गुदमरून मरे. 'पेव फुटणे' हा आपला वाक्प्रचार इथला. लुटीला आलेल्यांनाही पेवे ठाऊक असत, त्यामुळे जमीन उकरून दडवलेले काढणे याला 'खणती लावणे' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला. पेव हाच त्या काळच्या आरोग्याचाही आधार होता. धान्य गेले की उपासमार आणि उपासमारीमागून रोगराई, हा क्रम ठरलेला.

दुसरी तजवीज खंडणी. फौजेचा सरदार गावाबाहेर थांबे, पाटील-कुलकर्णी बोलणी करत, रक्कम ठरे. ती पुरी होईपर्यंत कोणीतरी ओलीस राहावे लागे, आणि बहुधा तो पाटील किंवा त्याचा मुलगा असे. पैसे सावकाराकडून काढत आणि ते पुढे गावावर पट्टी बसवून फेडत. युद्ध संपले तरी हे कर्ज संपत नसे. सुप्याच्या बाजाराची आठवण इथे ठेवावी. त्याच्याकडे शेवटी यायचे आहे.

शब्दाची किंमत

तिसरी तजवीज म्हणजे कौल, आणि ती गाव उठल्यानंतरची.

१६३०च्या आसपासची तीन वर्षे या भागासाठी भयंकर होती. निजामशाही मोडकळीला आलेली, मोगल आणि आदिलशाही दोन्ही बाजूंनी आत शिरत होते. शहाजीराजे त्यांच्यात वाट काढत होते. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला, ही हकिकत सर्वांना माहीत आहे. यवतजवळ भुलेश्वराला वेढणारा दौलतमंगळ किल्ला त्याचाच. नेमक्या याच वेळी, १६३० ते १६३२, दख्खन आणि गुजरातेत दुष्काळ पडला. युद्धाने पेवे रिकामी केलेली, पावसाने रान रिकामे ठेवले. लोक मेले, उरलेले परागंदा झाले.

पुढे १६३६मध्ये शहाजीराजे आदिलशाहीत गेले, पुणे आणि सुपे हे परगणे त्यांच्याकडे राहिले आणि दादाजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली वसाहतीचे काम सुरू झाले. दादाजींविषयीचे वाद इथे बाजूला ठेवू. त्यांच्या कारभाराचा जो भाग बखरी आणि कागद दोन्ही सांगतात, तो इस्ताव्याच्या कौलाचा आहे. इस्तावा म्हणजे चढता सारा. पडीक जमीन उचलणाऱ्याने पहिल्या वर्षी नाममात्र द्यायचे, दुसऱ्या वर्षी थोडे अधिक, असे करत काही वर्षांनी पूर्ण दराला यायचे. मागची थकबाकी विचारायची नाही. या अटी कागदावर लिहून पाटील, देशमुख किंवा कुणब्याच्या हाती द्यायच्या.

वरवर पाहता ही महसुलातली सवलत आहे. पण दोन-तीन वर्षे परमुलखात काढलेल्या कुणब्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्याकडे बैल नाहीत, बी नाही. परतून एक वर्ष नांगरले आणि सरकारने पूर्ण सारा मागितला, तर तो पुन्हा उठणार. फौज पुन्हा आली तरी उठणार. त्याला हवी असते ती काही वर्षांची खात्री, आणि कौल तेवढेच देतो. सरकारलाही त्याची तितकीच गरज, कारण माणसाशिवाय जमिनीला किंमत नव्हती. जमीन मुबलक होती, कसणारे हात कमी. म्हणून शेजारची दोन राज्ये एकाच कुणब्याला बोलावत. तो नदी ओलांडून जाऊ शकतो, ही भीती हेच त्याचे बळ होते. युद्धकाळातले रयतेचे स्वातंत्र्य म्हणून काही असेल तर ते हे.

नुसत्या शब्दाने शेत नांगरले जात नाही, हेही कारभाऱ्यांना कळत होते. ५ सप्टेंबर १६७६चे प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गेलेले शिवाजीमहाराजांचे पत्र कोकणातले आहे, पण त्यातली रीत सगळ्या राज्याची समजायला हरकत नाही. ज्याच्याकडे मनुष्यबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलजोडीसाठी रोकड द्यावी, खायला खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, वसुली करताना व्याज घेऊ नये, मुद्दलही ऐपत आल्यावर हळूहळू घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. या कामासाठी दोन लाख लारींपर्यंत खर्चाची मुभा आहे. लारी हे तेव्हाचे चांदीचे नाणे. 'दोन लाख' हा आकडा त्यात आहे म्हणून हे पत्र मला महत्त्वाचे वाटते. सदिच्छेचे पत्र कोणीही लिहितो. किती खर्च करायचा हे लिहिणारा हिशेबाने बोलत असतो.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराला गेलेले पत्रही याच जातीचे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर भर पावसात ती संपेल, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून दाणा, लाकूड, भाजी उचलायला लागाल, ते जीव घेऊन पळतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे म्हणतील. रयतेला उपद्रव नको हे सांगायला त्यांनी नीतीचा उपदेश केला नाही, गवताचा हिशेब सांगितला. जळती वात उंदराने पळवली तर गंजी पेटेल, इथपर्यंत तो तपशील जातो. पायमल्ली क्रौर्याने होते त्याहून जास्त निष्काळजी पुरवठ्याने होते, हे ओळखणारा माणूसच असे लिहील.

फौजेतल्या माणसाची सोयही केलेली दिसते. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून २५ ते २०० होन दिले, मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू ठेवले, असे सभासद सांगतो. पेशवाईत हीच सोय बालपरवेशी या नावाने चालली. रानात भाला लागलेल्या कुणब्यासाठी मात्र अशी तरतूद मला कुठे दिसलेली नाही. त्याच्यासाठी गावातला वैद्य, नाहीतर अंगारा.

परतणाऱ्याचे शेत

कौलाइतकेच महत्त्व मिरासीला. मिरासदार म्हणजे गावातला कायमचा जमीनधारक. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. मिरासपत्रात जमीन लेकराच्या लेकरांनी खावी असे लिहिलेले असे, आणि ते नुसते शोभेचे नव्हते. मिरासदार परागंदा झाला तर त्याची जमीन दुसऱ्याला कसायला देत, पण तिच्यावरचा त्याचा हक्क जात नसे. तो किंवा त्याचे वंशज दीर्घ काळानेही परतले, तर सारा देण्याची तयारी दाखवून ती मागू शकत. पेशवाई बुडाल्यावर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना या हक्काचा मोठा अचंबा वाटला आणि त्यांनी तो आपल्या अहवालांत नोंदवून ठेवला.

कागद जळलेले, दप्तर गेलेले, मग हक्क सिद्ध कसा करायचा? इथे गोतसभा. परगण्याचे देशमुख-देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, बलुतेदार, म्हातारी माणसे एकत्र बसत. हा अमक्याचा नातू, याचे शेत ओढ्यापासून त्या बाभळीपर्यंत, असे ते सांगत. त्यावरून महजर लिहिला जाई आणि त्यावर प्रत्येकाची निशाणी पडे : कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी, महाराची विळा-दोरी. लेखी पुरावा फौजेने नेला तर माणसांची आठवण हाच पुरावा. महजरांना आपण जातिव्यवस्थेचे आणि वतनांचे कागद म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. युद्धातून परतलेल्यांना घर परत देणारेही तेच कागद होते.

इथेच एक खोट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कौल मिळे तो पाटलाला, मिरास असे ती कुणब्याला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला परत कशासाठी बोलवायचे? बलुत्यातल्या कारागिराला निदान गाव वसले की काम मिळे आणि खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. पण फौज आली की ओझी वाहायला, वाट दाखवायला, लाकूडफाटा आणायला वेठीला धरले जाई ते महारवाड्याला. वेशीची राखणही त्यांच्याकडेच. म्हणजे फौजेशी पहिली गाठ ज्याची पडे, त्याच्या नावाने कौल नसे.

वतनदारांवर दुसरा आरोप दुटप्पीपणाचा. १६६०नंतर या परगण्यांनी मालक बदलताना अनेकदा पाहिले. काही ठिकाणी तर दुअमल, म्हणजे एकाच मुलखात दोन सत्तांचे हिस्से. अशा वेळी पाटील-देशमुख दोन्हीकडून कौल घेऊन ठेवत. इतिहासकारांनी याला सरसकट बेइमानी म्हटले. वतनाच्या लोभाने फिरलेले होतेच. तरी उघड्या माळावरच्या गावाने, उद्या कोणाची फौज येणार हे माहीत नसताना, दोन्हींचे कागद गढीत ठेवले तर त्याला मी फितुरी म्हणणार नाही.

दिवाळी, १८०२

अठराव्या शतकाचा मधला काळ बारामतीला त्या मानाने बरा गेला. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत याच कऱ्हेकाठी राहून लिहीत होते. मोरोपंत १७९४मध्ये गेले. त्यानंतर आठच वर्षांनी पुन्हा धामधूम आली, आणि या वेळी ती मराठ्यांचीच मराठ्यांशी होती.

यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. ऑक्टोबर १८०२मध्ये त्यांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरला निकाल लागला आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला. ३१ डिसेंबरला वसईचा तह. हा राजकीय भाग सर्वश्रुत आहे. कऱ्हाटीच्या बाजूने पाहिले तर ऑक्टोबर हा शाळूच्या पेऱ्याचा महिना, आणि त्या महिन्यात इथे फौजा समोरासमोर होत्या. फौज गेली तरी तिच्या मागे फिरणारे पेंढारी राहिले. ज्यांचा पेरा झाला त्यांचे पीक राहिले नाही. पुढल्या वर्षी पाऊस कमी पडला आणि १८०३-०४चा दुष्काळ आला. इंदापूरची गावे ओस पडली.

याच काळात एक वेगळ्या रीतीची फौज या वाटेने गेली. एप्रिल १८०३मध्ये आर्थर वेलस्ली अकलूजकडून बारामतीच्या बाजूने पुण्याला निघाला आणि २० तारखेला पोचला. त्याची फौज बरोबर बंजाऱ्यांचे तांडे ठेवी. लमाणांच्या बैलांवरून धान्य येई आणि त्याचे पैसे रोख मिळत. लुटीला सक्त मनाई. यामागे दया किती आणि हिशेब किती, हे वेगळे. वाटेवरच्या गावांना लुटले तर पुढच्या वेळी धान्य मिळणार नाही, एवढे त्याला कळत होते. चिपळूणच्या पत्रातला गवताचा हिशेब आणि हा हिशेब एकाच जातीचे. फरक इतकाच की सव्वाशे वर्षांत तो आपल्या फौजा विसरल्या होत्या आणि परका तो करत होता. पेशवाई का बुडाली याची उत्तरे बरीच आहेत. त्यांत हेही एक ठेवावे.

दुष्काळ ओसरल्यावर इंदापूर पुन्हा वसवायला जुनाच उपाय निघाला, इस्ताव्याचे कौल. नदीपलीकडे गेलेले लोक परतू लागले. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणे मक्त्याने दिले जात आणि सर्वांत जास्त बोली लावणारा मामलेदार आपली रक्कम लवकर वसूल करायला निघे. कौल देणारा एक, वसूल करणारा दुसरा, अशी गत झाली की कागदाची किंमत उतरते.

मग १८१७-१८चे युद्ध. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला : वतने, इनामे, धर्मस्थळांची उत्पन्ने चालू राहतील, लोकांनी आपापल्या जागी स्वस्थ असावे. इतिहासात हा राजकीय डावपेच म्हणून येतो. भाषा पाहिली तर तो एक मोठा अभयकौलच आहे. लोकांना कळणारी भाषा कोणती हे एल्फिन्स्टनने बरोबर हेरले होते.

त्या युद्धाबरोबर एक नवा शत्रू आला. बंगालमधून निघालेली पटकी उत्तरेतल्या इंग्रजी छावण्यांना गाठून १८१८च्या पावसाळ्यात दख्खनेत उतरली. तिचा रस्ता फौजांचा, व्यापाऱ्यांचा आणि यात्रांचा. पंढरीची वाट तर बारामती-इंदापूरवरूनच. पटकी दूषित पाण्याने पसरते हे जगात कोणालाच तेव्हा कळलेले नव्हते. गावांनी आपली रीत केली, मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला. पलीकडच्या गावाने तो आपल्या शिवेतून पुढे ढकलला. कौल देऊन थोपवता येईल असा हा शत्रू नव्हता.

तीस वर्षांचा शब्द

युद्ध संपले, पेंढारी संपले, तरी इंदापूरची जमीन पडीकच राहिली, आणि हे शांततेत घडले. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकात पुणे जिल्ह्याची मोजणी करून, प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून दर बसवले. कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात मोजणीत लबाडी, दर जड आणि धान्याचे भाव पडलेले. लोकांनी जमिनी सोडल्या आणि काही जुन्या सवयीने पलीकडच्या मुलखात गेले. फौजेच्या टापांनी होणारी पायमल्ली आता कारकुनाच्या आकड्यांनी झाली.

त्यावर १८३५मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट इंदापुरात आले. त्यांनी दर उतरवले, जमिनीच्या प्रतीवरून सोपी आणेवारी केली आणि १८३६मध्ये हा दर तीस वर्षे बदलणार नाही असे ठरवले. मुंबई इलाख्याची रयतवारी म्हणून पुढे जी पद्धत पसरली तिची सुरुवात या इंदापूर तालुक्यातून झाली. पाठ्यपुस्तकांत ती इंग्रजी अर्थशास्त्राची देणगी म्हणून येते. मला तिच्यात जुना कौल दिसतो, मुदत लांबवलेला. किती घेणार ते आधी सांगणे आणि सांगितले ते मोडू न देणे. पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली ती त्यामुळे.

पण कौलाच्या दोन बाजूंपैकी एकच या व्यवस्थेने घेतली. दर पक्का झाला, तर गोतसभा आणि महजर मागे पडले. परागंदा माणसाला परत जमीन देणारी गावाची आठवण कोर्टात चालत नव्हती. तिथे चाले सावकाराचे खत. जमीन आता विकता आणि जप्त करता येत होती.

अशा वेळी एका दूरच्या युद्धाने कऱ्हाटीला गाठले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास पुण्याहून सोलापूरपर्यंत आगगाडी आलेली. पैसा खेळू लागला, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. इथल्या ज्वारीच्या माळावर कापूस फारसा नव्हता, तरी चढे भाव आणि सोपे कर्ज सगळीकडे पोचले. अमेरिकेतले युद्ध थांबले, भाव कोसळले, कर्ज राहिले. आणि नेमकी इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७मध्ये नवे, चढे दर लागू झाले. या धामधुमीत एकही घोडा शेतातून गेला नाही. पळून जायला पलीकडचा अमलही पूर्वीसारखा उरला नव्हता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि सावकारांची घरे-दुकाने फोडली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदले गेलेले प्रकरण तिथून सुरू झाले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी समितीला एक गोष्ट ठळकपणे जाणवली : जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. सावकाराने कागद निमूट दिले तर पुष्कळ ठिकाणी त्याला हातही लागला नाही. अडीचशे वर्षे ज्या मुलखाने कागद सांभाळायची धडपड केली, धामधुमीत गेलेला कागद पुन्हा उभा करायला गावोगावची म्हातारी माणसे बसवली, त्याच मुलखाने आता कागद शोधून जाळले.

१८७९मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. शेतकऱ्याने कर्जाचा दस्तऐवज करायचा तर तो सरकारने नेमलेल्या गावनिबंधकासमोर, वाचून दाखवून आणि समजावून सांगून करायचा, अशी अट त्यात घातली गेली. खत खरे की खोटे, मुद्दल किती आणि व्याज किती, हे पाहण्यासाठी न्यायाधीशाने कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराची पहिल्यापासून चौकशी करावी, अशीही तरतूद होती. म्हणजे ओढ्यापासून बाभळीपर्यंत शेत कोणाचे हे विचारणारी गोतसभा जे करत असे, त्यातले थोडेसे काम आता बारामती-इंदापूरच्या दाव्यांत मुन्सफाकडे आले.